पुण्याच्या जुन्या वस्तीत जुना फ्लॅट घेताना: फरशी सगळ्यात शेवटी बघा

घर बघायला आलेली मंडळी दारातून आत शिरली की आधी ओटा बघतात, मग बाथरूमच्या टाइल्स, मग गॅलरीतून दिसणारं झाड. जिना उतरताना कुणीतरी म्हणतं, "उजेड छान आहे हो." निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. नातेवाईक आणि ओळखीचे लोक घर बघायला जाताना मला सोबत नेतात. या फेऱ्यांतून माझा एक क्रम ठरून गेला आहे. जे पैसे टाकून बदलता येत नाही, ते आधी बघायचं. ओटा, टाइल्स, नळ, वायरिंग दोन महिन्यांत नवं करता येतं. पण शेजारून वाहणारा ओढा, समोरच्या रस्त्याची रुंदी, खांबातली गंजलेली सळई आणि अजून बिल्डरच्याच नावावर असलेली जमीन, यांपैकी काहीही एकट्या फ्लॅटमालकाच्या हातात नसतं.

एरंडवणे, डेक्कन, सहकारनगर, मुकुंदनगर, जुनं कोथरूड आणि पेठा या भागांत साधारण १९६५ ते १९९५ या काळात बांधलेल्या तीन-चार मजली इमारतींमधले फ्लॅट समोर ठेवून मी हे लिहितो आहे. नाशिक किंवा नागपूरच्या वाचकाला यातलं बहुतेक सगळं लागू पडेल. मुंबईत बांधकाम आणि पुनर्विकासाचे नियम वेगळे आहेत, पण इमारत बघायची पद्धत तीच.

पहिली फेरी: फ्लॅटमध्ये जाऊच नका

एजंटला न सांगता एकटे जा. शक्यतो सकाळी सात-साडेसातला किंवा संध्याकाळी दिवेलागणीला, आणि गल्लीतून चालत फिरा.

पहिला प्रश्न पाण्याचा. पुण्याने १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं पाणी बघितलं आहे. ती आठवण पेठांतल्या जुन्या घरांत अजून जिवंत आहे. पण पूर फक्त नदीचाच येतो असं नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला लोंढा आला आणि सहकारनगर, अरण्येश्वर परिसरात भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं. म्हणून आधी नकाशावर ओढा कुठून जातो ते बघा, आणि नंतर प्रत्यक्ष चालत जाऊन बघा. नकाशात ओढा दिसतो, पण त्याच्यावर पडलेला स्लॅब आणि आवळत आणलेलं पात्र दिसत नाही.

जलसंपदा खात्याने नदीकाठी दोन पूररेषा आखलेल्या असतात. २५ वर्षांतून एकदा येईल इतक्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येईल इतक्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम होत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात जोत्याची उंची वगैरे अटी पाळूनच होतं. तुमची इमारत निळ्या रेषेच्या आत येत असेल तर ती पाडून पुन्हा बांधण्याचा विषय निघेल तेव्हा मोठी अडचण होईल, आज ती कितीही देखणी असली तरी.

कागदावरची रेषा बघून झाली की कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा, "पावसात इथे पाणी कुठवर येतं?" किराणावाल्याला विचारा, समोरच्या इमारतीच्या वॉचमनला विचारा. विकणाऱ्याला हा प्रश्न विचारून उपयोग नाही. पार्किंगच्या भिंतीवर आडवी, मळकट, एकसारख्या उंचीची रेघ दिसली तर पाणी तिथवर आलेलं आहे. मीटरचा बोर्ड नंतर वर सरकवलेला असेल आणि जुन्या बोर्डाच्या खुणा खाली दिसत असतील, तर तीही गोष्ट काहीतरी सांगते आहे.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. टेप घेऊन रस्ता मोजा, अगदी खरंच मोजा. राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२० च्या डिसेंबरपासून जी एकत्रित विकास नियमावली लागू आहे, तिच्यात किती मजले चढतील, किती जादा चटईक्षेत्र (म्हणजे प्लॉटवर बांधता येणारं क्षेत्रफळ) मिळेल, हे मोठ्या प्रमाणात समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. ९ मीटर ही त्यातली महत्त्वाची पायरी. त्याहून अरुंद रस्त्यावर प्रीमियम भरून मिळणारं चटईक्षेत्र आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) यांची वाट सहसा बंद असते. म्हणजे दोन गल्ल्यांत सारख्याच दिसणाऱ्या दोन इमारतींचं पुढच्या वीस वर्षांचं भविष्य वेगळं असू शकतं. एजंट "पुढेमागे रिडेव्हलपमेंट होणारच" म्हणतो तेव्हा त्याला रस्ता किती मीटरचा आहे ते विचारा.

पेठांत आणखी एक गोष्ट बघावी लागते. शनिवारवाडा हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. त्या टापूतली इमारत घ्यायची तर ती आहे तशी, दुरुस्त करून टिकवायची, हे मनाशी पक्कं करूनच घ्या.

दुसरी फेरी: इमारत, खालून वर

आता एजंटला सोबत घ्या, पण फ्लॅट बघायच्या आधी पार्किंगमध्ये थांबा.

आधी इमारत कशी उभी आहे ते ओळखा. साठ-सत्तरच्या दशकातल्या पुष्कळ इमारती लोड-बेअरिंग आहेत. त्यांत खांब नसतात, स्लॅबचा भार भिंतीच पेलतात. अशा इमारतीत तळमजल्याच्या भिंती जाड असतात, दीड विटेच्या किंवा काळ्या दगडाच्या, आणि खोल्यांच्या भिंती सगळ्या मजल्यांवर एकावर एक येतात. आरसीसी इमारतीत खांब-तुळयांचा सांगाडा असतो आणि मधल्या भिंती नुसत्या पडद्यासारख्या. हा फरक कळणं फार गरजेचं आहे. लोड-बेअरिंग इमारतीत तुमच्या खालच्या मजल्यावर कुणी 'हॉल मोठा करायला' भिंत काढली असेल, तर त्याने तुमच्या खोलीखालचा आधार काढला आहे. म्हणून वरच्या आणि खालच्या फ्लॅटची दारं वाजवायला लाजू नका. "आम्ही वरचं घर बघतोय, जरा हॉल बघू का?" म्हटलं तर पुण्यातसुद्धा लोक आत घेतात.

आरसीसी इमारतींचा मुख्य आजार म्हणजे सळईचा गंज. नवं काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्यात बसलेलं लोखंड सुरक्षित राहतं. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरतो, काँक्रीटची अल्कता उतरते, आणि ही उतरती सळईपर्यंत पोचली की ओल मिळताच गंज सुरू होतो. गंजलेलं लोखंड मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं, आणि ती जागा करून घेताना वरचं काँक्रीट फोडतं. म्हणून सळईच्या रेषेत सरळ जाणारी उभी किंवा आडवी भेग दिसली, भेगेतून तांबूस डाग उतरलेला दिसला, तर तो प्लास्टरचा दोष नाही, आतला आहे.

शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. पार्किंगमधल्या खांबांचे पाय, कारण तिथे रोज गाड्या धुतात. पाण्याच्या टाकीखालचे खांब आणि तुळया. जिन्याच्या पायऱ्यांची खालची बाजू. खिडक्यांवरचे छज्जे. पुढे आलेल्या गॅलऱ्यांचा, इमारतीला चिकटलेला भाग, कारण अशा लटकत्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या अंगाला असते आणि तिथे ताण सगळ्यात जास्त येतो. आणि संडास-बाथरूमखालचा स्लॅब, जो बघायला खालच्या मजल्यावरच जावं लागतं. नाणं किंवा किल्ली घेऊन खांबावर टकटक करा. खणखणीत आवाज आला तर ठीक. पोकळ, भदभद आवाज आला तर आतला थर सुटलेला आहे.

भेगा सगळ्याच वाईट नसतात. प्लास्टरवरची केसासारखी जाळी चालते. खांब आणि विटेची भिंत जिथे मिळतात तिथली सरळ बारीक भेग बहुतेक वेळा दोन वेगळ्या वस्तूंच्या प्रसरणाची असते. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी, किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी भेग मात्र पाया असमान खचल्याची खूण असू शकते. पुण्यात बऱ्याच भागांत थोड्या खोलीवर कातळ लागतो. पण ओढ्या-नाल्यांच्या काठी आणि सखल जागी काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भेगाही त्याप्रमाणे मिटतात-उघडतात. मे महिन्यात दिसलेली भेग ऑगस्टमध्ये दिसली नाही म्हणजे ती बरी झाली असं नाही.

नव्या रंगापासून सावध राहा. माझ्या मामेबहिणीसाठी एक फ्लॅट बघायला गेलो होतो. सगळं घर जुन्या पिवळट रंगाचं आणि एकाच खोलीच्या छताला झगझगीत पांढरा हात मारलेला. विकणारे म्हणाले, पंखा बदलताना डाग पडला म्हणून. मी स्टुलावर चढून टकटक केलं तर छताचा जवळजवळ अर्धा भाग पोकळ वाजला. वरच्या फ्लॅटचं बाथरूम त्याच्या थेट डोक्यावर होतं. रंगाखाली नुसत्या सिमेंट-वाळूचं प्लास्टर होतं आणि त्याच्याखाली सळया कागदासारख्या सुटत होत्या. बहिणीने ते घर सोडलं. रंग लावायच्या आधीच त्यांनी खरं सांगितलं असतं तर दुरुस्तीचा खर्च वजा करून व्यवहार झालाही असता.

गच्चीवर जाणं चुकवू नका, किल्ली नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. जुन्या गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक असतं. गळती झाली की कित्येक सोसायट्या जुना कोबा न काढता त्याच्यावरच नवा थर घालतात. असे दोन-तीन थर म्हणजे वरच्या स्लॅबवर कायमचं वाढवलेलं ओझं. कठड्याची उंची आणि जिन्याच्या केबिनचा उंबरा बघा, कोबा किती चढला आहे ते लगेच कळतं. पावसाळी पाइपांची तोंडं किती आहेत आणि मोकळी आहेत का, हेही तिथेच बघून घ्या. सगळ्यात वरच्या मजल्याचा फ्लॅट घेणार असाल तर हीच तुमची खरी भिंत आहे.

इथवर काही शंकास्पद दिसलं आणि तरीही घर आवडलं असेल, तर स्वतःच्या खर्चाने स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या. हातोडीसारखा रिबाउंड हॅमर काँक्रीटच्या पृष्ठभागाची कठीणता सांगतो, अल्ट्रासोनिक चाचणी आतल्या पोकळ्या आणि भेगा सांगते, हाफ-सेल चाचणीवरून सळई गंजण्याची शक्यता कळते. कार्बोनेशनची चाचणी तर डोळ्यांना दिसते. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं की निरोगी भाग गुलाबी होतो आणि अल्कता गमावलेला भाग रंगहीन राहतो. पण या चाचण्या खांब-तुळयांवर करायच्या, म्हणजे सोसायटीची परवानगी लागते. त्यामुळे आधी सोसायटीकडे जुना अहवाल मागा. महापालिका कायद्याच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेणं बंधनकारक आहे. सोसायटीच्या आदर्श उपविधींतही १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी ऑडिट सांगितलं आहे. चाळीस वर्षांच्या इमारतीत एकही ऑडिट झालेलं नसेल, तर त्या इमारतीत काय लपलं आहे याची तिथल्या लोकांनाही कल्पना नाही. अहवाल असेल तर फक्त शेवटचं पान बघू नका. त्यात सुचवलेली कामं झाली का, झाली असतील तर कुणी केली आणि त्याची बिलं कुठे आहेत, ते विचारा.

फ्लॅटच्या आत

आता आत या. इथे मी घाईने लिहितो, कारण इथलं बहुतेक सगळं बदलता येतं. फक्त खर्च मोजून तो किमतीतून वजा करायचा.

पाणी सकाळी येण्याच्या वेळेला जाऊन बघा. स्वयंपाकघरातला आणि बाथरूममधला नळ एकाच वेळी पूर्ण सोडा. जुन्या जीआय पाइपच्या आत गंज साठून भोक पेन्सिलीएवढं उरतं आणि दुसरा नळ उघडताच पहिल्याची धार बारीक होते. तळटाकी आणि वरची टाकी कधी धुतली, वर्षभरात टँकर किती लागले, हे सोसायटीच्या हिशेबात दिसतं. बाथरूममध्ये जाळी बोळ्याने बंद करून दोन इंच पाणी तासभर साठवून ठेवा आणि तेवढ्या वेळात खालच्या मजल्याचं छत बघून या. विकणाऱ्याला हे आवडत नाही, पण खालच्यांशी पुढे दहा वर्षं गळतीवरून भांडण्यापेक्षा एक तासाचा संकोच बरा.

वीज: तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थिंगची तार खरंच आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासा. कित्येक जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं भोक असतं. गीझर, एसी, इंडक्शन हा भार सत्तरच्या दशकातल्या वायरिंगने पेलायचा नाही, संपूर्ण वायरिंगचा खर्च धरूनच चाला. मंजूर भार किती आहे तो वीजबिलावर छापलेला असतो.

सागवानी चौकटी बघून हरखून जाऊ नका, खालच्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. वाळवी चौकट आतून पोखरते आणि वरचा रंग तसाच ठेवते.

शेवटी टेप काढा आणि प्रत्येक खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा. जुन्या करारांत क्षेत्रफळ बहुतेक वेळा बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट असतं, एजंट सांगतो ते त्याहून फुगवलेलं, आणि तुम्ही राहणार असता ते कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं. बंद केलेली गॅलरी, काचा लावलेली टेरेस मंजूर नकाशात उघडी असेल तर तिचे पैसे खोलीच्या दराने देऊ नका. मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष घर, या तिन्हींची तुलना जेवणाच्या टेबलावर बसून करा. जे जुळत नाही ते लिहून ठेवा, वकिलाला लागेल.

आणि लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्याचा निर्णय आई-वडिलांना तो जिना दोनदा चढायला लावूनच घ्या.

कागद: इथे वेळ घालवा

फ्लॅट घेताना आपण भिंतींसोबत जमिनीतला हिस्सा घेतो, आणि जुन्या वस्तीत खरी किंमत त्या जमिनीची असते. त्यामुळे पहिला कागद मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. भूमी अभिलेख खात्याच्या संकेतस्थळावर नगर भूमापन क्रमांक टाकून डिजिटल सहीचा उतारा काढता येतो. तिथे मालक म्हणून कुणाचं नाव आहे? सोसायटीचं असेल तर उत्तम. मूळ जमीनमालकाचं किंवा बिल्डरचं असेल, तर सोसायटीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, झालेलं नाही. फ्लॅटच्या खरेदी-विक्रीवरच्या १९६३ च्या मोफा कायद्याने सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरने हे करून द्यायचं असतं, पण पुण्यात चाळीस वर्षांनंतरही न झालेल्या इमारती आहेत. उपाय आहे. जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. पण ते काम कमिटीला करावं लागतं. त्यांनी ते सुरू केलं आहे की अजून नुसती चर्चा चालू आहे, हे तुम्हाला कळायला हवं.

पुण्यात सोसायटीइतकीच 'अपार्टमेंट' ही पद्धतही रुळलेली आहे, १९७० च्या कायद्याखालची. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं. प्रत्येकाचं स्वतंत्र डीड ऑफ अपार्टमेंट नोंदलेलं असतं आणि घोषणापत्रात प्रत्येक फ्लॅटचा जमिनीतला अविभाज्य हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. तो टक्का वाचा. एकाच इमारतीत सारख्या आकाराच्या दोन फ्लॅटचे टक्के वेगळे असलेले मी बघितले आहेत.

तिसरा प्रकार सहकारनगर, एरंडवण्यासारख्या भागांतल्या जुन्या प्लॉटच्या सोसायट्यांचा. काही ठिकाणी जमीन सोसायटीची आणि सभासदाकडे तो प्लॉट दीर्घ भाडेपट्ट्याने, अशी रचना आहे. त्या प्लॉटवर पुढे इमारत उभी राहिली असेल तर वर मूळ सोसायटी आणि खाली इमारतीची संस्था, असे दोन मजले कागदांत असतात. दोघांचीही संमती, दोघांचीही थकबाकी तपासायची. उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' (सरकारने अटींवर दिलेली जमीन) किंवा देवस्थान इनामाची नोंद असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा विषय येतो, आणि तिथे वकिलाशिवाय पुढे जाऊ नका.

यानंतर करारांची साखळी. बिल्डरकडून पहिल्या खरेदीदाराकडे, त्याच्याकडून दुसऱ्याकडे, असा प्रत्येक दुव्याचा मूळ करार, नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा थोडक्यातला उतारा. मधला एक कागद हरवला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढता येते. १९८५ च्या डिसेंबरच्या आधी फ्लॅटच्या करारांना किरकोळ किमतीचा मुद्रांक चालत असे. त्यानंतरच्या करारावर पूर्ण शुल्क भरलेलं नसेल तर ती रक्कम दंडासह कुणी भरायची हे आत्ताच ठरवा. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल, घ्या आणि दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्या. नोटिशीचा खर्च किरकोळ असतो, आणि कुठल्यातरी गावचे चुलते त्यातूनच उगवतात.

वारसांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण जुन्या फ्लॅटचे सगळ्यात जास्त व्यवहार इथेच अडकतात. वडील गेले, शेअर सर्टिफिकेट नॉमिनी म्हणून मोठ्या मुलाच्या नावावर झालं, आणि तो विकायला निघाला. नॉमिनेशनने मालकी मिळत नाही. नॉमिनी वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. मृत्युपत्र नसेल तर आई, सगळे भाऊ आणि सगळ्या बहिणी, लग्न झालेल्या असोत वा नसोत, हक्कदार आहेत. त्यांनी एकतर विक्रीच्या करारावर सह्या करायच्या किंवा नोंदणीकृत हक्कसोड पत्र द्यायचं. "ताईचं काही म्हणणं नाही" हे वाक्य कितीही मनापासून म्हटलेलं असलं तरी ती ताईची सही नव्हे.

पुण्यात यातलं एक भावंड हमखास परदेशात असतं. त्याने दिलेलं मुखत्यारपत्र तिथे रीतसर साक्षांकित झालेलं आणि इथे आल्यावर त्यावर मुद्रांक भरलेला हवा. देणारा आज हयात आहे ना, हे व्हिडिओ कॉलवर बोलून खात्री करा, कारण तो गेला की मुखत्यारपत्र संपलं. आणि विकणारा अनिवासी असेल तर त्याच्या हिश्श्यावर तुम्हाला कापावा लागणारा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर, नेहमीच्या १ टक्क्याहून बराच जास्त असतो. तो कापला नाही तर जबाबदारी तुमच्यावर येते. करार ठरायच्या आधी सीएला विचारा.

सेक्रेटरीकडे एक चहा

मागच्या तीन वर्षांच्या वार्षिक सभांची इतिवृत्तं आणि लेखापरीक्षण अहवाल मागा. सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीत, किती आहे? उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का तरी तिथे जमा व्हायला हवा. पण सत्तर सालच्या बांधकाम खर्चाचा पाव टक्का आज काहीच नाही, म्हणून नियम पाळला का एवढं न बघता रक्कम बघा. मोठी दुरुस्ती निघाली तर माणशी किती येईल याचा अंदाज त्यावरून येतो. सभेला किती लोक येतात हेही इतिवृत्तात दिसतं. सोळा फ्लॅट आणि हजर पाच, असं दरवर्षी असेल तर तिथे गळका पाइप बदलायलाही वर्ष लागणार.

ट्रान्स्फरच्या वेळी सोसायटी जो प्रीमियम घेते त्याला महापालिका हद्दीत २५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. त्यावर 'ऐच्छिक देणगी' मागितली तर ती खरोखर ऐच्छिक आहे हे सौम्यपणे सांगायचं.

पार्किंगची जागा विकणारा 'विकत' देत असेल तर सोसायटीचा वाटपाचा ठराव बघा. स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखाली खांबांमधलं पार्किंग, स्वतंत्रपणे विकण्याचा बिल्डरला अधिकार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलेलं आहे.

रिडेव्हलपमेंटचे पैसे आज देऊ नका

एजंट दर सांगताना त्यात भविष्यातला मोठा फ्लॅट मिसळतो. साधा हिशेब करा. ८,००० चौरस फुटांचा प्लॉट आणि १६ फ्लॅट असतील, तर तुमच्या वाट्याला जमीन सरासरी ५०० फूट. त्याच प्लॉटवर २४ फ्लॅट असतील तर ३३३. घरं तेवढीच मोठी असली तरी पहिल्या इमारतीत पुनर्विकासाला जीव आहे, दुसरीत बिल्डर फिरकेलच असं नाही. त्यावर रस्त्याची रुंदी, पूररेषा, कन्व्हेयन्स हे सगळं लावा. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते. पण ती मिळाल्यावरही उरलेले लोक कोर्टात जाऊन काही वर्षं खाऊ शकतात. बिल्डर ठरलेला असेल तर करार वाचा. नुसता 'तीन बिल्डर येऊन गेले' असेल तर त्याची किंमत शून्य धरा.

याची दुसरी बाजूही आहे. पुनर्विकासाचा करार खरंच तोंडावर असेल तर आत दहा लाखांचं फर्निचर करू नका.

पैशाचा अखेरचा हिशेब

समजा सौदा ९० लाखांना ठरला. पुण्यात मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत, म्हणजे ५ लाख ४० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. शुल्क कराराची किंमत आणि शासकीय बाजारमूल्य यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं, आणि बाजारमूल्य काढताना इमारतीच्या वयाची घसारा-वजावट मिळते. जुन्या घराला ती आठवणीने लावून घ्या. ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात १ टक्का, इथे ९०,०००, विकणाऱ्याच्या रकमेतून कापून तुम्ही सरकारकडे भरायचे. दलाली, वकील, इंजिनिअर वेगळे. वायरिंग, प्लंबिंग, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग यांचा अंदाज ठेकेदाराकडून लेखी घ्या.

कर्ज काढणार असाल तर विसार देण्याआधी बँकेत जा. इमारतीचं उरलेलं आयुष्य कर्जाच्या मुदतीला पुरतं का, हे बँकेचा मूल्यमापक बघतो. वीस वर्षांचं कर्ज धरून चाललेल्या माणसाला ऐन वेळी बाराच वर्षांचं मिळालं की सगळं गणित कोसळतं.

विसार चेकनेच द्या आणि विसारपावतीवर अटी लिहून घ्या. सर्च रिपोर्ट निर्वेध आला नाही, सगळ्या वारसांच्या सह्या मिळाल्या नाहीत, किंवा बँकेने कर्ज नाकारलं, तर रक्कम इतक्या दिवसांत परत. किती दिवसांत, तो आकडा घाला. घर बघताना टिपलेले दोष आणि ते कुणी दुरुस्त करायचे हेही त्यातच येऊ द्या.

ताबा घ्यायच्या दिवशी वीज आणि गॅसच्या मीटरचं रीडिंग मोबाइलवर टिपा, गच्ची आणि मीटर-खोलीच्या किल्ल्या मागून घ्या, मूळ करारांचा पूर्ण संच आणि शेअर सर्टिफिकेट हातात पडल्याशिवाय शेवटचा चेक सोडू नका. मिळकतकर तुमच्या नावावर करून घेताना स्वतः राहत असल्याचा पीटी-३ अर्ज महापालिकेत द्या, त्याशिवाय ४० टक्क्यांची सवलत मिळायची नाही. आणि पहिला पाऊस पडेपर्यंत छताला रंग लावू नका.